अडलं होतं ते खालचं गणित

“खोक्याचं गणित मला कुणी शिकवायचं नाही!” बाबांनी पुस्तकावर अशी थाप मारली की पोरीची पेन्सिल टेबलाखाली गेली.

उद्या कॅल्क्युलसची फेरपरीक्षा होती. यातही उडाली तर वार्षिक परीक्षेला बसू देणार नाही, असं बाईंनी भर वर्गात सुनावलं होतं. म्हणून तर नाक मुठीत धरून ती बाबांकडे आली होती. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा केकची खोकी बनवायचा कारखाना होता: कापायचं यंत्र, पुठ्ठ्यांचे ढीग, वर कागद ठेवायचा माळा आणि माळ्याला टेकवलेली शिडी.

“बाबा, ऐका ना, मला ते—”

“अठरा इंची चौकोनी पुठ्ठा. चारी कोपरे कापून खोकं करायचं आणि त्यात जास्तीत जास्त माल मावला पाहिजे. चार इंच काप! आयुष्यभर चारच कापतोय मी.”

“तीन,” दारातून आवाज आला. शेजारी राहणारी आत्या कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाली होती, पण आवाज काही निवृत्त झाला नव्हता. “डेरिव्हेटिव्ह काढ, शून्याबरोबर मांड, तीन येतात.”

“ताई, तुझ्या त्या बुटक्या खोक्यात केक ठेवला तर वरचं फूल झाकणाला चिकटेल!”

“गणितात केक कुठाय?”

“आणि झाकण तरी कुठाय? असलं खोकं विकणार कोण? तुझे प्रोफेसर?”

“आत्या, अगं माझं अडलंय ते—”

“तू गप्प बस, तुझ्यासाठीच चाललंय!” दोघं एका सुरात ओरडली. लहानपणापासून या बहीणभावांचं एकमत झालं असेल तर तेवढंच.

मग बाबांनी पुठ्ठे ओढले. सकाळी बेकरीवाल्याला द्यायच्या खोक्यांचे, छापून आलेले. दोन खोकी कापली, चिकटवली आणि आईचा तांदळाचा डबा उचलून आणला. आपलं खोकं काठोकाठ भरून त्यांनी ते आत्याच्या खोक्यात ओतलं. आत्याचं खोकं भरेना.

“बघितलंस?” आत्या म्हणाली.

“नीट भरलं नाही!” बाबांनी आपलं खोकं पुन्हा भरलं, दाबलं, आपटलं. ते बुडातून फाटलं. तांदूळ यंत्रात गेला, पुठ्ठ्यांत गेला, आत्याच्या चपलेत गेला. आई आली, तिनं पाहिलं आणि रिकामा डबा उचलून गेली. बाबांचा चेहरा उतरला, आवाज मात्र चढला.

“यंत्रच बिघडलं असतं! तुझ्यामुळं!”

“माझ्यामुळं? आपटलं कुणी?”

पोरीच्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी होत्या. “पुरे!” ती किंचाळली. “खोक्याचं गणित मी कालच सोडवलंय! तीनच येतात! मला अडलंय ते त्याच्या खालचं!”

दोघांनी पुस्तकावर डोकी घातली. खालच्या गणितात भिंतीला टेकवलेली शिडी होती. तिचा पाया सरकत होता आणि वरचं टोक किती वेगानं खाली येतं, ते काढायचं होतं.

“शिडी!” बाबांचे डोळे चमकले. “आहे की आपल्याकडं!”

“थांब, पाया मी धरते.”

“धरायचा नाही ताई, सरकवायचा!”

पोरीनं पुस्तक हिसकावलं, पेन्सिल उचलली, तरातरा शिडी चढली आणि वर पोचताच शिडी माळ्यावर ओढून घेतली.

“अगं ए! शिडी खाली सोड!”

“मिळणार नाही!”

कागदाच्या गठ्ठ्यावर बसून ती रागानं थोडी रडली. मग त्याच रागात तिनं आकृती काढली. खाली, पोरगी कुणामुळं वर गेली यावर जुंपली होती. जुंपू दे मेली! काटकोन त्रिकोण, समीकरण, दोन्ही बाजूंचं डेरिव्हेटिव्ह. उत्तर आलं. तिनं पुस्तकाच्या मागं दिलेलं उत्तर पाहिलं. तंतोतंत! तिचा सगळा राग उतरला.

“बाबा, आत्या, सुटलं!” ती शिडी खाली सोडू लागली.

बाबांनी आत्याकडं मान ताठ करून पाहिलं. “बघ. शेवटी माझ्याच शिडीनं शिकवलं.”

“तुझ्या? पाया काय असतो ते मी सांगितलं!”

अर्धी खाली गेलेली शिडी पोरीनं परत वर ओढली आणि पुढचं गणित काढलं.