बिनआवाजाचा पंप

मशीनकाकांनी जन्मभर शिवणयंत्रं दुरुस्त केली आणि त्या कामातून एकच शहाणपण कमावलं: आवाज करतं ते बिघडलेलं, गप्प बसतं ते ठणठणीत. यंत्र खडखडलं की दोन थेंब तेल सोडायचं, की ते मुकाट चालू लागतं. हाच नियम त्यांनी गाडीला लावला नसता, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

गाडी जुनी. किती? तर त्यांची लेक जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून याच गाडीने घरी आणलं होतं. आता त्या लेकीला मुलगी झाली, आणि "नातही याच गाडीतून घरी येणार," असं काका चारचौघांत बोलून बसले. जावई भला माणूस. हळूच म्हणाला, "बाबा, टॅक्सी सांगून ठेवू का? आपली... असलेली बरी." ते 'असलेली बरी' काकांच्या फार जिव्हारी लागलं.

आदल्या दिवशी काकांच्या मनात आलं, गाडी तशी झकास आहे, पण मागे टाकीजवळचा पंप (टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाकडे धाडणारा, मुठीएवढा डबा) चावी फिरवली की घुंईऽऽ करतो. बाळ दचकायचं! झालं. दुकानातून नवा पंप आणला, गाडीखाली सरपटत जाऊन स्वतः बसवला, आणि जुना भंगाराच्या डब्यात टाकला. मग काकूंना शेजारी बसवून चावी फिरवली.

"ऐकलंस?"

"काय?"

"काहीच नाही!"

"काहीच नाही, ते मलाही ऐकू येतंय. पण तो चालतोय का?"

काकांनी इंजिन सुरू केलं. मिनिटभर चाललं की छान. काकांनी ते बंद केलं आणि काकूंकडे असं पाहिलं, जसा काही पंपाचा शोध त्यांनीच लावला होता.

दुसऱ्या दिवशी अकराला दवाखान्यात पोचायचं. दहाला काका इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसले. गाडी फाटकापर्यंत गेली, दोन उचक्या दिल्या आणि डोळे मिटले.

"पंप बघा," काकू म्हणाल्या.

"पंप नवा आहे."

काकांनी प्लग काढून पुसले. काही नाही.

"पंप बघता का?"

"अगं, नवा आहे म्हटलं ना!"

फ्यूज बदलला. पेट्रोलचा फिल्टर काढून तोंडाने फुंकला, तर शर्टावर पेट्रोल उडालं. (इस्त्री मात्र मोडली नाही.)

"मी आपली गप्प बसते," काकू म्हणाल्या, "पण काल तुम्ही हात लावलात तो फक्त पंपालाच."

एवढ्यात जावयाचा फोन. "बाबा, निघालात ना?"

"निघालो!" काका म्हणाले. (फाटकापर्यंत निघाले होतेच.)

शेवटी त्यांनी इंजिनाकडे येणारी नळी काढून बाटलीत सोडली आणि काकूंना चावी फिरवायला सांगितली. बाटलीत टिपूस नाही. पंपाच्या वायरला छोटा बल्ब लावला, तर तो लख्ख पेटला. म्हणजे वीज येत होती. नवा पंपच काही करायला तयार नव्हता. मग काल इंजिन चाललं कसं? तर कार्बोरेटरमध्ये जुन्या पंपाने भरून ठेवलेलं थोडं पेट्रोल होतं, त्यावर. उरलेल्यावर आज फाटक गाठलं.

काका भंगाराच्या डब्याकडे धावले. डबा रिकामा! नात टॅक्सीतून येणार, आणि आपण चारचौघांत तोंड कसं दाखवणार?

काकूंनी शिवणयंत्राचा खण उघडून फडक्यात गुंडाळलेला जुना पंप पुढे केला.

"हा का जपून ठेवलास?"

"नवा तुम्ही स्वतः बसवलात म्हणून."

दवाखान्यात पोचायला पाऊण तास उशीर झाला. जावई टॅक्सीचा नंबर काढूनच उभा होता. बाळ सकाळपासून टाहो फोडत होतं, लेक रडकुंडीला आली होती. सगळे गाडीत बसले. काकांनी देवाचं नाव घेऊन चावी फिरवली. घुंईऽऽ!

बाळ गप्प. दुसऱ्या वळणाला गाढ झोपलं. काकांची मान अशी ताठ झाली की आरशात फक्त हनुवटी दिसत होती. घरी येऊन चावी बंद केली, तसं बाळाने पुन्हा सूर लावला. पण जावयाने वाटेतच पंपाचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला होता. पाळण्याशेजारी मोबाइल घुंईऽऽ करू लागला, बाळ झोपलं, आणि राखणीला काका खुर्चीत बसले.

तासाभराने लेकीने डोकावलं. बाळ झोपलेलं, आवाज चालू. पण मोबाइल तर चार्जिंग संपून केव्हाच बंद पडला होता. खुर्चीत काका तोंड उघडं टाकून घोरत होते.

"आई, बाबांना हलवू नकोस," लेक कुजबुजली.

"आवाज करतं ते बिघडलेलं, हा त्यांचाच नियम," काकू म्हणाल्या. "त्या हिशेबाने हा पंप मी पस्तीस वर्षांपूर्वीच बदलायला हवा होता."

"मग का नाही बदललास?"

"नवा कसा निघेल, सांगता येतं का?"