कानगोष्टचे श्रोते पळत नाहीत

आपल्या रेडिओला श्रोते कमी आहेत, हे स्टेशनमास्तरने कधीच नाकारलं नाही. “कमी आहेत,” तो म्हणायचा, “पण पळत नाहीत.” आणि हे अशा थाटात म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, बाकीच्या रेडिओंचे श्रोते रोज सकाळी खिडकीतून उड्या टाकून पसार होत असणार.

स्टेशनमास्तर हे नाव त्याच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने ठेवलेलं. स्वयंपाकघरामागच्या खोलीत एक संगणक, एक माइक आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टेकवलेल्या जुन्या गाद्या, एवढ्या भांडवलावर धाकट्याने ‘कानगोष्ट’ नावाचा इंटरनेट रेडिओ काढला होता. नव्या, अनोळखी, ज्यांना घरच्यांनीही ‘आता पुरे’ म्हणून सांगितलंय अशा गायकांची गाणी तो दिवसभर लावायचा. बातम्या नाहीत, जाहिराती नाहीत. जाहिराती न घेणं हे त्याचं तत्त्व होतं, आणि आजवर कोणी जाहिरात द्यायला आलंच नसल्यामुळे ते अगदी शाबूत होतं. दादा म्हणायचा, “गाडी एक येत नाही, पण हा रोज हिरवा झेंडा घेऊन फलाटावर उभा.”

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. वहिनी फिजिओथेरपिस्ट, लोकांचे आखडलेले खांदे आणि धरलेल्या पाठी सोडवायची. तिला पेशंट घरीच बघायचे होते. त्यासाठी एक लांब टेबल हवं होतं, आणि ते टेबल मावेल अशी घरात एकच खोली होती. कुठली, ते सांगायला नको.

“भावजी, तुमच्या त्या गाद्या मला पेशंटसाठी चालतील,” ती अधूनमधून म्हणायची. “खोलीसकट.”

“वहिनी, इथे एक संस्था उभी राहतेय.”

“उभीच राहतेय ना? मग तिला बसायला जागा कशाला लागते?”

आता श्रोत्यांबद्दल. किती जण ऐकताहेत त्याचा आकडा संगणकावर दिसायचा आणि खाली त्याची वर-खाली जाणारी रेघ. सकाळी ही रेघ एकदम उभी चढायची, जेवणाच्या वेळी धाडकन कोसळायची, पुन्हा चढायची आणि संध्याकाळी आडवी व्हायची. रविवारी तर उठायचीच नाही.

“सगळे एकदम येतात, एकदम जेवतात, एकदम जातात,” दादा एकदा ती रेघ न्याहाळत म्हणाला. “हे श्रोते आहेत की कैदी?”

“अभिरुची सारखी असली की वेळाही सारख्या होतात.”

“मग लिफ्टमध्ये लाव तुझा रेडिओ. तिथूनही कोणाला पळता येत नाही.”

स्टेशनमास्तरने हे मनावर घेतलं नाही. आपले श्रोते म्हणजे कुठेतरी एकत्र राहणारे चित्रकार आहेत, असं त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं. सकाळी चित्राला बसतात, कानगोष्ट लावतात, दुपारी छताकडे बघत पडतात आणि रविवारी निसर्गात जातात. त्यांच्या मनःस्थितीला जपून तो गाणी निवडायचा. एकदा रेघ दुपारी जरा उशिरा चढली, तर कोणाचं तरी चित्र अडलंय या काळजीने हा जेवला नाही.

याच चित्रकारांसाठी त्याने कानगोष्टची ओळखधून बनवली होती. वहिनीचा स्टीलचा पेला, त्यावर चमच्याने तीन ठोके, टिंग, टिंग, टिंग, आणि मग पार पोटातून काढलेला आवाज: “कानगोष्ट. निवांत बसा. पुढचं येतंय.” दर दोन-तीन गाण्यांनंतर ही धून वाजायची. चांगली वर्षभर वाजत होती. तेवढ्या काळात पेला काही वहिनीला परत मिळाला नव्हता.

शेवटी वहिनीने टेबल मागवलं.

“मी काही वाईट नाही,” ती म्हणाली. “माझ्या एक पेशंट आहेत, आइस्क्रीमवाल्या. डबे खरवडून खरवडून खांदा आखडलाय. चौकात नवं दुकान उघडताहेत, त्यांना उद्घाटनाला गाणी हवीत. मी तुमचं नाव सांगितलंय. आवडलं तर रोज तुमचाच रेडिओ लावतील, आणि ‘यांच्या सौजन्याने’ म्हणून त्यांचं नावही तुम्ही घ्यायचं. तसं झालं तर टेबल परत पाठवते.”

“आणि नाही झालं तर?”

“तर टेबल आत आणि तुम्ही बाहेर.”

“अगं, पण त्याच्या तत्त्वाचं काय?” दादाने काळजीच्या सुरात विचारलं. “जाहिराती न घेण्याच्या?”

“सौजन्य म्हणजे जाहिरात नव्हे,” स्टेशनमास्तर म्हणाला. तत्त्व जरा सरकून बसलं आणि सौजन्याला जागा करून दिली.

उद्घाटनाच्या संध्याकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात हजर होता. गाणी त्याने घरच्या संगणकावर ओळीने लावून ठेवली होती आणि इथे दाराच्या दोन्ही बाजूंना दोन स्पीकर उभे केले होते. बाहेर खुर्च्या मांडल्या होत्या, कोऱ्या कुंड्या होत्या, प्रत्येकाला गार पाण्याचा ग्लास होता. गर्दी अशी की रांग शेजारच्या चपलांच्या दुकानापुढून वळून गेलेली. पहिलं गाणं लागलं तशी रांगेतली पावलं ठेका धरू लागली. दुसऱ्याला माना डोलल्या.

“गाणी बरी आहेत हो तुमची,” आइस्क्रीमवाल्या बाई म्हणाल्या. “लोक रेंगाळतात. रेंगाळले की दुसरं घेतात. माझं नाव कसं घ्याल?”

“तुम्ही म्हणाल तसं.”

“गाण्याआधी की नंतर?”

“आधी, नंतर, आणि गायकाची हरकत नसेल तर मध्येही.”

बाई हसल्या. वहिनीने दादाकडे बघून सुस्कारा टाकला. टेबल परत जाणार असं तिच्या चेहऱ्यावर दिसू लागलं. आणि स्पीकरमधून आवाज आला: टिंग, टिंग, टिंग.

रांगेत सगळ्यात पुढे टायवाले एक गृहस्थ होते. कुठलं आइस्क्रीम हवं ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं, उलट आणखी मोठं झालं. त्यांच्या मागच्या बाईंनी आ केला. त्यांच्या मागच्या दोन मुलींनी केला. करता करता चपलांच्या दुकानापर्यंत तोंडं उघडत गेली, जशी घरट्यात पिल्लांची. फक्त पिल्लं डोळे मिटून मुठी आवळत नाहीत.

“कानगोष्ट,” स्पीकर म्हणाला. “निवांत बसा.”

खुर्च्यांवरच्या लोकांनी माना मागे टाकल्या आणि हात घट्ट धरले. ज्या खुर्च्यांना हात नव्हते त्यांच्यावरच्यांनी शेजाऱ्याचे धरले.

“पुढचं येतंय.”

“माझा नंबर नाही!” एक लहान मुलगा आईच्या मागे दडत ओरडला. “आधी ताईचा!”

“बघा, कसं तोंडाला पाणी सुटलंय लोकांच्या,” आइस्क्रीमवाल्या बाई म्हणाल्या. पण आवाजात खात्री नव्हती. तेवढ्यात एका आजोबांनी पाण्याचा घोट घेतला, गालातल्या गालात खुळखुळवला आणि शिस्तीत नव्या कुंडीत टाकला. मग ग्लास असलेल्या प्रत्येकाने तेच केलं. कुंड्या कमी पडल्या.

“हे काय चाललंय?” बाईंनी विचारलं.

“चित्रकार असतील,” स्टेशनमास्तर म्हणाला.

पुढचं गाणं सुरू झालं तशी तोंडं मिटली. लोक एकमेकांकडे बघेनात. टायवाल्यांनी गाल चाचपला आणि म्हणाले, “मला काही नको. आज गार नको, गोड नको, आणि डाव्या बाजूने तर काहीच नको.” दोन्ही मुलींनी घेतलेले कप गुपचूप काउंटरवर परत ठेवले.

स्टेशनमास्तरला वाटलं, आपण दोन शब्द बोलून गर्दीला धीर द्यावा. हा विचार त्याने करायला नको होता. तो खुर्चीवर चढला आणि सवयीने पोटातून आवाज काढून म्हणाला, “मंडळी, घाबरू नका. निवांत बसा...”

जेवढे उभे होते तेवढे मटकन बसले आणि त्यांनी आ केला.

रांगेत एक शिडशिडीत गृहस्थ अर्धा कोन खात उभे होते. त्यांनी तो कोन दादाच्या हातात दिला, खिशातून पेनाएवढी बॅटरी काढली आणि समोरच्या तोंडात वाकून बघितलं. “खालची, उजवीकडची. कधीपासून दुखतेय?”

“आआ.”

“उद्या सकाळी या.” मग ते भानावर आले, बॅटरी खिशात घातली आणि कोन परत घेतला. “माफ करा. हा आवाज आला की हात आपोआप चालतात. मी दातांचा डॉक्टर.”

“हा आवाज तुम्ही कुठे ऐकलात?” स्टेशनमास्तरने खुर्चीवरूनच विचारलं.

“कुठे म्हणजे? आमच्या दवाखान्यात दिवसभर हाच रेडिओ असतो. प्रत्येक खुर्चीपाशी एक संगणक, प्रत्येकावर हाच. बातम्या नाहीत, ते बरं. वाईट बातमी द्यायला मी आहेच. शिवाय दोन्ही हात कोणाच्या तरी तोंडात असताना घड्याळ कोण बघणार? टिंग टिंग टिंग झालं की पुढचा पेशंट खुर्चीत, आ करून. वर्ष झालं या पद्धतीला. या भागात दुसरा डॉक्टर नाही, त्यामुळे सगळ्यांनाच सवय झालीय. आता सांगावंही लागत नाही.”

“आणि रविवारी?” दादाने विचारलं.

“रविवारी बंद.”

“दुपारी?”

“दुपारी जेवतो की.”

दादा तृप्त झाला.

“म्हणजे चित्रकार कोणीच नाही?” स्टेशनमास्तर म्हणाला.

“एक रंगारी येतात. त्यांची कवळी आहे.”

खुर्चीवरून उतरताना त्याला एका आजीबाईंनी हात दिला आणि त्याचा हात तसाच धरून ठेवला. “तुम्हीच का ते? तुमचा आवाज ऐकला ना, की माझी हिरडी सुन्न होते. इंजेक्शनच्या आधीच.” कानगोष्ट सुरू झाल्यापासून श्रोत्याने समोर येऊन दिलेला हा पहिलाच अभिप्राय होता. “आभारी आहे,” तो म्हणाला, आणि खरंच होता.

आइस्क्रीमवाल्या बाईंनी स्वतःच्या हाताने, तोही आखडलेल्या, स्पीकर बंद केले. “गाणी चांगली आहेत हो,” त्या म्हणाल्या. “पण माझा धंदा लोकांच्या दातांवर चालतो. लोकांनी दात विसरायला हवेत.” उरलेलं आइस्क्रीम त्यांनी वहिनीबरोबर घरी पाठवलं. उरलेलं म्हणजे जवळजवळ सगळंच.

टेबल आलं आणि खोलीत गेलं. वहिनी म्हणाल्याप्रमाणे गाद्याही तिथेच राहिल्या. संस्था आठवडाभर जेवणाच्या टेबलावर होती, आणि ओळखधून त्याने त्या संध्याकाळपासून बंदच ठेवली होती. माइकसमोर बसून स्टेशनमास्तर दुःख आणि आइस्क्रीम दोन्ही एकदम गिळायचा. मग एक दिवस दातांचे डॉक्टर घरी आले. ओळखधून बंद पडल्यापासून त्यांच्याकडे गोंधळ माजला होता. पेशंट तोंड उघडत नव्हते, आणि उघडलेले मिटत नव्हते. “माझ्याकडे एक्स-रेची छोटी खोली आहे,” ते म्हणाले. “जाड भिंती, बाहेरचा आवाज येत नाही. तिथे या. फक्त ढोलाची गाणी नकोत, माझा हात हलतो. आणि कोणाच्या दाढेचा फोटो काढायचा असला की लांबलचक गाणं लावून बाहेर उभं राहायचं.”

स्टेशनमास्तरने हे अतिशय जड अंतःकरणाने आणि ताबडतोब मान्य केलं. वहिनीने निरोप म्हणून त्याला तो पेला कायमचा देऊन टाकला.

आणि खरं सांगायचं तर कानगोष्ट वाढली. डॉक्टरांनी आपल्या ओळखीच्या इतर दातांच्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या ओळखीच्यांना. रेघ अशी चढली की पडद्यावर मावेना. अनोळखी गायक-गायिका शेकडो खुर्च्यांपर्यंत पोहोचले. स्टेशनमास्तर आता डोळ्यांचे दवाखाने, रक्त तपासायच्या जागा अशी स्वप्नं बघू लागला. “माझ्याकडे नको,” वहिनीने आधीच सांगून टाकलं. “माझ्या पेशंटनी अंग सैल सोडायचं असतं.”

“लिफ्ट अजून मोकळी आहे,” दादा म्हणाला.

“लोक काय म्हणायचे ते म्हणोत,” स्टेशनमास्तर म्हणाला. “आजही माझा एकही श्रोता पळत नाही.”

आणि मग त्याची दाढ दुखायला लागली. आठवडाभराचं आइस्क्रीम शेवटी बोललं.

अंतर फार नव्हतं. एका दारातून बाहेर पडायचं आणि शेजारच्या दारातून आत जायचं. त्याने एक लांबलचक गाणं लावलं आणि जाऊन खुर्चीत बसला. डॉक्टरांनी त्याच्या गळ्यात निळा कागद अडकवला, दिवा तोंडावर ओढला आणि म्हणाले, “तुम्ही तर घरचेच.” मग ते हत्यारं घ्यायला वळले. ट्रेमध्ये काहीतरी बारीक किणकिणलं. गाणं संपलं.

टिंग, टिंग, टिंग.

“कानगोष्ट. निवांत बसा. पुढचं येतंय.”

एवढ्या काळात त्याने कानगोष्ट श्रोता म्हणून कधी ऐकलीच नव्हती. आवाज चांगला होता. खोल, शांत, आणि काही झालं तरी ऐकून न घेणारा.

डॉक्टर वळून बघतात तो खुर्ची रिकामी. बाहेर बसलेल्या मदतनीस बाई म्हणाल्या, “रेडिओवाले गेले. गळ्यात कागद तसाच. लिफ्ट उभी होती, पण जिन्यानेच गेले.”

कानगोष्टचा पळून गेलेला हा पहिलाच श्रोता. पडद्यावरच्या आकड्यात मात्र काहीच फरक पडला नाही, कारण खुर्चीपाशी पुढचं गाणं सुरू झालं होतं.