राऊतांची बिननावाची बटणं

आमच्या शेजारच्या राऊतांकडे कुठलीही तक्रार न्या, ते ती तुमच्याच हातात परत ठेवतात. ते सोसायटीच्या कमिटीत असताना मी सांगायला गेले, "लिफ्ट बंद आहे." तर म्हणाले, "मग दुरुस्त करा ना, अडवलंय कोणी? पाना देऊ?" पुढच्या वर्षी त्यांना कमिटीत कुणी घेतलं नाही.

ही खोड त्यांना खुल्या सॉफ्टवेअरने लावली. उमेळ्यातल्या या इमारतीत बसून, चार हौशी मंडळी जमवून त्यांनी मराठी पुस्तकं वाचायचं मोफत ॲप केलंय. कुणीही वापरावं, कुणीही त्याचा कोड बघून बदलावा. तिथल्या तक्रारी मी बघते. बाकीचे कोड लिहितात आणि एकमेकांची पाठ थोपटतात.

तक्रारी म्हणजे निर्मळ गावच्या टीचरच्या. निवृत्त शिक्षिका, दृष्टी गेलेली. पडद्यावर काय आहे ते फोन बोलून दाखवतो, त्यावर त्यांचं सगळं चालतं. राऊतांनी ॲपला देखणं नवं रूप दिलं आणि टीचरचा फोन नुसता "बटण, बटण, बटण" म्हणू लागला. वाचन ठप्प. तक्रार नोंदवायची, तर त्या पानावर आधी आपण यंत्र नसून माणूस आहोत हे पटवायला चित्रांतल्या बोटी ओळखून दाखवायच्या! म्हणून त्या थेट राऊतांनाच फोन करत.

"राऊत, घराला आठ दारं आणि पाटी एकावरही नाही. मी कुठेही शिरले तर चालेल?"

"टीचर, कोड खुला आहे. दुरुस्त करा ना, अडवलंय कोणी?"

"तुमच्या बोटींनी!"

शेवटी मी राऊतांच्या फोनवर तो बोलणारा आवाज चालू केला, पडदा काळा केला आणि म्हटलं, "हं, एक पुस्तक उघडून दाखवा." बटण, बटण, बटण. तिसऱ्याच बटणाला त्यांनी स्वतःची सगळी पुस्तकं पुसून टाकली. पाना देऊ का, असं मी विचारलं नाही. पाणी दिलं.

मग मात्र सण-रविवार न बघता त्यांनी एकेका बटणाला नाव दिलं, बोटी बुडवल्या आणि माझ्यासमोर स्पीकरवर टीचरना फोन लावला.

"सगळं वाचता येतंय," टीचर म्हणाल्या. "आता तुम्हाला फोन करून त्रास देणार नाही, बरं का."

मला वाटलं, आता गडी कॉलर ताठ करणार. पण त्यांनी फोन आणखी जवळ ओढला. आमच्या दोन घरांतली भिंत पातळ आहे. राऊतांना एरवी कर्ज हवंय का विचारणारेच फोन येतात, हे मला ठाऊक आहे.

"नाही, पण टीचर," ते घाईघाईने म्हणाले, "एवढ्यात ठेवू नका. जरा नीट ऐकून बघा. काहीतरी चुकलं असेलच."