श्रवणकुमारने बांधलेला रपटा

विभागीय रपटे, मोऱ्या व पाऊलवाटा समन्वय कार्यालय, अमरावती, या आमच्या कार्यालयात दर मंगळवारी व्हीसी असते. व्हीसी म्हणजे संगणकावर भरणारी सभा. साहेब सभागृहात बसतात, अकोल्याचे आणि तालुक्यांचे अधिकारी आपापल्या जागेवरून पडद्यावर उगवतात आणि मी साहेबांच्या डाव्या हाताला बसून इतिवृत्त लिहितो. म्हणजे लिहीत असे. सभेत जे घडलं ते कागदावर आणणं हे इतिवृत्त लिपिकाचं काम, असा बाहेरच्यांचा समज आहे. ते कागदावर येऊ नये यासाठीच मला पगार मिळतो, हे आतल्यांना ठाऊक असतं.

हे काम मी निष्ठेने करत होतो. साहेब एखाद्या अभियंत्यावर अर्धी सभा ओरडले, तर मी लिहायचो, 'सविस्तर चर्चा झाली.' अभियंत्याने सपशेल थाप मारली, तर 'संबंधितांनी वस्तुस्थिती विशद केली.' दोघं हमरीतुमरीवर आले, तर 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.' माझ्या इतिवृत्ताने कोणाचं भलं झालं असेल असं वाटत नाही, पण त्याच्यापायी कोणी अडचणीतही आलं नाही.

मग साहेब पुण्याला प्रशिक्षणाला जाऊन आले. येताना त्यांनी बाकरवडी आणली आणि एआय आणला. बाकरवडी दुपारपर्यंत संपली. एआय सभेत बसणार होता, सगळं रेकॉर्ड करणार होता, आणि सभा संपायच्या आत इतिवृत्त लिहून सर्वांच्या मोबाइलवर पाठवणार होता. साहेबांनी त्याचं नाव ठेवलं श्रवणकुमार. सभा सुरू झाली की पडद्यावर एक काळा चौकोन यायचा आणि त्यावर अक्षरं उमटायची, 'श्रवणकुमार ऐकत आहे.' आमच्या सभेत कोणी ऐकत असल्याची ही पहिलीच वेळ होती. त्यामुळे सगळे जरा बिचकले होते.

त्या पहिल्याच सभेत बोरखेडीच्या रपट्याचा विषय निघाला. बोरखेडी हे बार्शीटाकळी तालुक्यातलं गाव. गाव नाल्याच्या या काठाला, शेतं त्या काठाला. मधून जाणारा रपटा, म्हणजे नाल्याच्या पात्रातून जाणारा सिमेंटचा बुटका रस्ता, मागच्या पुरात वाहून गेला होता.

"विपुल, बोरखेडीच्या रपट्याचं काय झालं?" साहेबांनी विचारलं.

विपुल तिथला शाखा अभियंता. तो म्हणाला, "झालाच समजा, साहेब."

आमच्या वऱ्हाडात हे उत्तर वरिष्ठांना नम्रपणे द्यायचं असतं आणि वरिष्ठांनी ते ऐकून पुढच्या विषयाकडे वळायचं असतं. साहेब वळले. श्रवणकुमारला मात्र आमचे रीतिरिवाज कोणी शिकवले नव्हते. त्याने लिहिलं, 'बोरखेडी येथील रपट्याचे बांधकाम पूर्ण. जबाबदार: शाखा अभियंता.' आणि पुढे हिरवी खूण केली.

सभा संपते न संपते तोच विपुलचा फोन आला.

"भाऊ, हे काय लिहून ठेवलं त्यानं? तिथं खडीचा एक खडा नाई पडला अजून!"

"तुम्हीच बोललात तसं. रेकॉर्डिंग आहे."

"आता तसं तर आपण नेहमीच बोलतो न, भाऊ."

"बोलतो. पण मी ते लिहीत नव्हतो."

"मग तुमीच दुरुस्त करून टाका."

दुरुस्ती माझ्या हातात नव्हती. मी त्याला नियम सांगितला. पुढच्या मंगळवारी पहिला विषय असतो, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. तेव्हा हात वर करायचा आणि सर्वांसमक्ष सांगायचं, की साहेब, रपटा झालेला नाही. यावर फोन कट झाला.

इतिवृत्त कायम करण्याची आमची एक पद्धत आहे. ते कोणी वाचत नाही. साहेब विचारतात, "कायम?" आणि सगळे एका सुरात म्हणतात, "कायम." त्या मंगळवारी मात्र साहेबांनी विचारण्याआधी घसा खाकरला. "मित्रांनो, विपुलचं अभिनंदन करायला पाहिजे. इतके दिवस रखडलेला रपटा त्याने बघता बघता पूर्ण केला. शिका काही त्याच्यापासून!" पडद्यावर टाळ्या वाजल्या. विपुलचा हात खरोखरच वर येत होता, मी पाहिलं. तो कानापर्यंत आला, त्याने केस सारखे केले आणि खाली गेला.

"सगळं आपलं मार्गदर्शन, साहेब," विपुल म्हणाला.

"कायम?"

"कायम!"

एकदा कायम झालेलं इतिवृत्त ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही. त्यालाही आधी विषयपत्रिकेत विषय घ्यावा लागेल.

श्रवणकुमार नुसतं लिहून थांबत नाही. तो 'पुढील कृती'ही सुचवतो. रपट्याबाबत त्याने सुचवलं, की पक्का रपटा उपलब्ध झाल्यामुळे लगतचे तात्पुरते व अनधिकृत मार्ग तातडीने हटवण्यात यावेत. सूचना नियमाला धरून होती. बोरखेडीच्या लोकांनी नाल्यावर विजेचा एक जुना लोखंडी खांब आडवा टाकून त्याला बाभळीच्या फळ्या बांधल्या होत्या. साहेबांनी मान डोलावली आणि त्याच आठवड्यात जेसीबी बोरखेडीला पोचला. आमच्या कार्यालयाने त्या गावात प्रत्यक्ष केलेलं हे पहिलं काम.

जेसीबी आला तेव्हा मैनाबाई डोक्यावर भाजीचं गाठोडं घेऊन त्या काठाला उभी होती. नाल्यापलीकडे तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, पुंजारामचा, भाजीचा मळा आहे. मेथी, पालक आणि सांबार. पुण्याकडचे ज्याला कोथिंबीर म्हणतात तोच सांबार. दर बाजाराला हा माल बार्शीटाकळीला जातो आणि त्यावर घर चालतं. तिच्या डोळ्यांदेखत खांब उचलला गेला.

"अरे बाप्पा, हे कावून काढून राहिले? मी जाऊ कोठून?"

"मावशी, कागदावर इथं पक्का रपटा हाय. त्याच्यावरून जा," ड्रायव्हर म्हणाला.

"त्याच्यावरून तुमचा कागद जाईन. माह्या मेथीनं कसं जावं?"

ड्रायव्हरकडे डिझेल जेमतेम होतं, म्हणून तो निघून गेला. मैनाबाई गाठोडं डोक्यावर धरून मांडीभर चिखलातून उतरली. अर्धी मेथी चिखलाने माखली आणि बाजारात तशीच पडून राहिली.

तिने तक्रार केली. तक्रार प्रणालीने ती घेतली नाही, कारण पूर्ण झालेल्या कामाबाबत 'काम झाले नाही' अशी तक्रार नोंदवण्याची सोय तिच्यात नाही. 'काम कसे झाले?' या प्रश्नाला चांगले, उत्तम आणि अतिउत्तम असे तीन पर्याय आहेत. मैनाबाईची मुलगी आचल अकोल्याला कॉलेजात शिकते. तिने शोधून काढलं, की आमच्या व्हीसीत शेवटी 'लोकसंवाद' नावाचा एक विषय असतो आणि त्यात नागरिकाला बोलता येतं. आजवर तिथे कोणी नागरिक आला नव्हता, म्हणून तो ठेवलेला होता.

दरम्यान आमच्या सभेत मोठी सुधारणा झाली होती. इतिवृत्त आपोआप मोबाइलवर येतं, तर सभेला बसायचं कशाला, हा प्रश्न आधी अकोल्याच्या अधिकाऱ्यांना पडला. त्यांनी आपापले श्रवणकुमार सभेला पाठवायला सुरुवात केली. मग तालुक्यांनी पाठवले. कनिष्ठांनी पाठवले आणि आपण स्वतः बसलो तर पदाला कमीपणा येतो, म्हणून साहेबांनीही एक पाठवला आणि स्वतः शेजारच्या केबिनमध्ये बसून इतर कामं करू लागले. पडदा काळ्या चौकोनांनी भरून गेला. सगळे ऐकत होते. आता बोलायला कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे सभा वेळेत संपू लागल्या आणि साहेबांना कार्यक्षमतेबद्दल शाबासकी मिळाली.

अशा सभेत एके मंगळवारी मैनाबाई पडद्यावर आली. आचलने मोबाइल धरला होता आणि मैनाबाई ऐन नाल्याच्या काठावर उभी होती.

"साहेब, मी बोरखेडीची मैनाबाई. तुमी म्हणता इथं रपटा हाय. आता तुमीच पाहा. आचल, फिरव तो मोबाइल. दिसून राहिलं का साहेब? हे पाणी. हा चिखल. हे मले गुडघ्याच्या वर येते. मंग सांगा बरं, कोठी हाय रपटा?"

मी पडद्यावर पाहिलं. पाणी होतं, चिखल होता आणि रपटा नव्हता. पण श्रवणकुमार फक्त आवाज ऐकतो, त्याला डोळे नाहीत. त्याने लिहिलं, 'लाभार्थी मैनाबाई यांनी बोरखेडी रपट्यावरून थेट सहभाग नोंदवला. रपट्याबाबत उत्सुकता व्यक्त केली.' अकोल्याहून आणि सर्व तालुक्यांतून या ओळीला अंगठे आले. साहेबांच्या केबिनमधून आला तो सर्वांत मोठा, कारण वरिष्ठांना मोठा अंगठा द्यायची सोय त्या प्रणालीत आहे.

पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी पुंजाराम भाजीचं ओझं घेऊन नाल्यात उतरला, शेवाळलेल्या दगडावरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. सरकारी दवाखान्यात पायाला सळई घालावी लागली. ही बातमी विपुलने स्वतः सभेत येऊन सांगितली. त्याला ती सांगावीच लागली, कारण गावकऱ्यांनी त्याची मोटारसायकल अडवून ठेवली होती. श्रवणकुमारने त्याची तत्परतेने दखल घेतली. 'बोरखेडी रपट्यावर किरकोळ अपघात. यावरून रपटा नियमित वापरात असल्याचे निष्पन्न होते. पुढील कृती: सुरक्षा फलक.' फलक मात्र खरोखर लागला. नाल्याच्या काठावर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, 'सावकाश चला, पुढे रपटा आहे.'

मला वाईट वाटलं, हे मी लपवत नाही. एक माणूस आमच्या इतिवृत्तावरून चालत गेला आणि त्याचा पाय मोडला. पण वाईट वाटल्याचा रकाना आमच्याकडे नाही. तो असता तर मी नक्की भरला असता.

मग मैनाबाई स्वतःच अमरावतीला आली. नेमका मंगळवार होता. तिने मळ्यातलं काम उरकून नाला ओलांडला, बस पकडली आणि विचारत विचारत थेट सभागृहात शिरली. आत मी एकटा होतो. समोर पडद्यावर ओळीने काळे चौकोन होते.

"साहेब कोठी हायेत?" तिने विचारलं.

मी पडद्याकडे बोट दाखवलं. "हे सगळे साहेबच आहेत. बोला तुम्ही, मावशी. ऐकताहेत."

ती उभी राहूनच बोलली. आमच्या कार्यालयात नागरिकाला 'थोडक्यात सांगा' असं न म्हणता बोलू देण्याचा तो पहिला प्रसंग असावा. तिने मळ्याचं सांगितलं, सडलेल्या मेथीचं सांगितलं, खाटेवर पडलेल्या पुंजारामचं सांगितलं. "माणसाचा पाय गेला, अन् तुमी तिथं पाटी लावली? सावकाश चला? तो आता चालूनच नाई राहिला साहेब, सावकाश कसा चालन?" चौकोन जागचे हलले नाहीत. तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"भाऊ, हे डबे जाऊ द्या. तुमी तर जिते माणूस हात न? तुमी तरी ऐकलं का मी काय म्हणून राहिली ते?"

मी मोबाइलमधून मान वर केली.

"एक मिनिट थांबा, मावशी," मी म्हणालो, "सारांश येऊ द्या."

ती पदराने तोंड पुसून निघून गेली. सारांश लगेच आला. 'एका नागरिकाने भावना व्यक्त केल्या. नोंद घेण्यात आली.' सगळीकडून अंगठे आले. सवयीने माझाही गेला.

तुम्हाला आता माझा राग आला असेल. यायलाच पाहिजे. पण मागच्या आठवड्यात तुमच्या सोसायटीची, शाळेच्या पालकांची किंवा बँकेच्या सभासदांची जी ऑनलाइन सभा झाली, तिला तुम्हीही होतात. कॅमेरा बंद, आवाज बंद. कोणीतरी बराच वेळ काहीतरी काकुळतीने सांगत होतं. मग अध्यक्षांनी विचारलं, "सगळ्यांना मान्य?" तुम्ही त्या वेळी पोळी लाटत होता, नाहीतर दुसरीकडे काही पाहत होता. तुमची हरकत आली नाही, म्हणून तिथल्या श्रवणकुमारने तुमचं नाव 'मान्य'च्या रकान्यात घेतलं, आणि सारांश आल्यावर तुम्ही न वाचता अंगठा दिलात. तो ठराव काय होता, ते तुम्हाला आज सांगता येणार नाही. ज्याच्याबद्दल होता, त्याला विचारा. त्याला पाठ आहे.