तेराव्या भागासाठी टक्कल

उकाई रविवारी न्हाव्याकडे गेले ते केस कापायला आणि परतले ते येडे होऊन. दुकानाच्या फळीवर एका जुन्या प्रेमकथेच्या मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, तेरा भाग होते. नंबर येईपर्यंत चाळू म्हणून पहिला उचलला. नंबर आला तर, "तुम्ही बसा आधी, मला कसली घाई," म्हणत तिघांना पुढे सोडलं.

बावन्न वर्षांचा माणूस, कानाझावाच्या पाणीखात्यात हेडक्लार्क! मांगा बाजारात मिळेना, छपाई कधीच बंद. न्हावी तोमोझावा घरी नेऊ देईना. "हे वाचनालय नाही, उकाईसान. केस कापायचे तर बसा."

मग काय, मंगळवारी कल्ले, शुक्रवारी मान, रविवारी वरून थोडे. सोमवारी न्हाव्याची सुट्टी, त्या दिवशी घरात नुसत्या येरझारा.

बारावा भाग संपला तो ऐन मोक्यावर. स्टेशनात पोरानं तोंड उघडलं, "आयाको, मला..." आणि पान खलास! उकाईंनी तेराव्याकडे हात नेला, तर तोमोझावानं त्यांना खुर्चीत दाबून उरलंसुरलं सफाचट केलं. "बास! आता केस आले की या."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चिडीचूप. आमच्याकडे जपानात माणूस टक्कल करून आला की समजायचं, स्वारीनं माफी मागण्याजोगं काहीतरी केलंय. मिझोगुची साहेबांनी दार लावून घेतलं.

"किती मोठं आहे? पेपरात येईल?"

"साहेब, केस वाढले होते हो."

"कुणाला वाचवताय, उकाई?"

जेवणाच्या सुट्टीआधी साहेब वरच्या साहेबांपुढे कमरेत वाकून माफी मागून आले. चारपर्यंत वरचे साहेब महापौरांपुढे. कशाबद्दल, ते कुणालाच ठाऊक नाही.

घरी बायको फुमिए ताठ बसलेली. "साहेबांचा फोन होता. कोण आहे ती?"

"आयाको," उकाई बोलून गेले. "बेकरीत असते. पण तो बोलतच नाही गं तिच्याशी!"

"तो कोण आणखी?"

मग सगळं बाहेर आलं. फुमिएचा जीव भांड्यात पडला, आवाज मात्र चढला. "मांगासाठी? एवढं आहे काय त्यात?"

"काही होतच नाही, तेच तर आहे! तो बोलायला जातो, तर हिच्याकडे गिऱ्हाईक. ही बोलायला जाते, तर त्याची बस. आपल्याला सगळं दिसतंय, त्या दोघांनाच दिसत नाही. माणूस स्वस्थ बसेल कसा?"

"ऑफिसात बोलू नका हं यातलं. खरं कळलं तर परत टक्कल करावं लागेल, आणि तेवढे केस नाहीत तुम्हाला."

"फुमिए, तोमोझावा बायकांचे चेहरेही वस्तऱ्यानं साफ करतो. तू जा ना. तेरावा वाच आणि एवढंच सांग, तो बोलला का?"

शनिवारी ती दहाला गेली. अकराला येईल म्हणून उकाई दारात उभे. बारा वाजले. तीन वाजले. पाचला आली, गाल कसे चकचकीत.

"बोलला?"

"मला काय माहीत? शेवटचा एकदम वाचून काय मजा? पहिल्यापासून घेतलं मी. तिसऱ्यात आहे. पाचजणींना पुढे सोडलं."

"अगं, पण चेहरा झाला तुझा! आता तो तुला कशाला बसवून घेईल?"

फुमिए आरशासमोर गेली. चेहरा डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला.

"भुवया आहेत की अजून."