त्याच्यामुळे का त्याच्यानंतर?

लग्नाच्या पंगतीत खोब्रागडे सरांशेजारी बसायला आमच्या कॉलनीत कुणी तयार नसे. पानावर जिलेबी पडली आणि कुणी "गोड आधी खाल्लं की पचतं" असं म्हणालं, की सरांचा हात थांबायचा. "काहून?" ते शांतपणे विचारायचे. समोरच्याचं जेवण तिथंच संपायचं.

सर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर विद्यार्थी उरले नाहीत, तेव्हा आम्ही शेजारी कामी आलो.

माझे बाबा एकदा अभिमानानं म्हणाले, "आमच्या आजोबांनी जन्मभर तर्रीवाला रस्सा ओरपला. नव्वदीतही ठणठणीत होते."

"आन जे तर्री खाऊन पन्नाशीतच गेले," सर म्हणाले, "ते सांगाले कसे येतीन गा?"

पुढे बरेच दिवस सर दिसले की बाबा घाईनं स्कूटरला किक मारत.

आईच्या काढ्यानं माझी सर्दी गेली, तर "त्याच्यामुळे गेली का त्याच्यानंतर गेली?" हा सरांचा ठेवणीतला प्रश्न. दारावरचा मधवाला "एकदम नैसर्गिक आहे, साहेब" म्हणाला. सर म्हणाले, "धोतऱ्याचं फळ बी नैसर्गिकच असते." मालूकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आतून हसायच्या आणि मध घ्यायच्याच.

गेल्या वर्षी काकू आजारी पडल्या. डॉक्टरांनीही आशा सोडली. त्यांची धाकटी बहीण सुमन सावनेरहून बसनं गव्हांकुराचा रस आणू लागली. यानं असाध्य रोग बरे होतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आता सर काय म्हणतात, याची आम्हाला धास्ती. पण सर काही बोलले नाहीत. रस गाळून चमच्यानं काकूंना पाजत राहिले.

काकू गेल्या. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा सुमन भिंतीला टेकून बसली होती.

"भाऊजी, मीच उशीर केला. रस आधी आणला असता तर ताई वाचली असती."

"नाही वं सुमन," सर म्हणाले. "त्या रसानं काही होतच नव्हतं. आधी आणला असता तरी ती गेलीच असती."

"मंग तुमी पाजत काहून होते?"

सर तिच्यासमोर खाली बसले.

"रस घेऊन तू येत होती. तुले पाहिलं की ती उठून बसे. मंग मी कशाले अडवू?"

सुमननं पदर तोंडाला लावला. सर चहा ठेवायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ डबे उघडून पाहत राहिले. चहाचा डबा ओट्यावर, त्यांच्या समोरच होता.