दोन्ही हात वर

आमच्या सोसायटीत बेल वाजली आणि दाराच्या भिंगातून बघितल्यावर एक बाई दोन्ही हात वर करून उभी दिसली, तर घाबरायचं नाही. तिला कोणी लुटत नाहीये. ती मंदा आहे आणि नुसती गप्पा मारायला आली आहे.

मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. खांदा कॉलनीत राहायला आल्या आल्या मी ते दृश्य बघितलं आणि लाटणं घेऊनच दार उघडलं.

"काकू, मी वरच्या मजल्यावरची मंदा. हात रिकामे आहेत, बघून घ्या."

दुसऱ्या दिवशी भिंगासमोर नुसती एक निळी पिशवी लोंबत होती. पिशवीमागून आवाज आला, "आज विकायला आलेय. साबण, टूथपेस्ट, प्रोटीन पावडर. नको असेल तर दार उघडूच नका, मला राग येत नाही."

मी नाही उघडलं. तिला खरंच राग आला नाही. संध्याकाळी हात वर करून आली आणि दोन वेळा मागून पोहे खाऊन गेली.

मंदा साठीची आहे, माझ्याहून बरीच लहान, आणि नेटवर्क मार्केटिंग करते. म्हणजे कंपनीचा माल आपण विकायचा आणि आपल्यासारखे विकणारे आपल्या हाताखाली जोडत जायचे. या धंद्यातला माणूस समोरून आला की लोक फुटपाथ बदलतात. मंदाला बघून कोणी बदलत नाही, कारण आज ती मंदा आहे की दुकान, हे लांबूनच कळतं. हात रिकामे असताना चुकून साबण मागितलात तर खेकसते, "आज पिशवी नाही. गप्पा मारा."

बाकी तिच्या शिस्तीला तोड नाही. स्वतः वापरल्याशिवाय वस्तू विकत नाही. घरात माल भरून ठेवत नाही. "पावडरीने माझे गुडघे बरे होतील का गं?" असं मी विचारलं तर म्हणाली, "गुडघ्यांसाठी डॉक्टर आहेत. ही दुधात घालून प्यायची, बस्स. गुडघ्याचं वचन देणं म्हणजे चूक नंबर एक!"

हे तिचं पालुपद. तिच्याकडे सगळ्या चुका नंबर एकच्याच. मी एकदा विचारलं, "अगं, चूक नंबर दोन कुठली?"

"तिथपर्यंत माणूस या धंद्यात टिकतच नाही, काकू."

मागे दुसऱ्या मजल्यावरची स्नेहा तिच्या हाताखाली नवीन लागली. पोरगी उत्साहाने नुसती फसफसत होती. माझ्यासमोरच म्हणाली, "मंदाताई, रविवारी आमच्या चुलत सासऱ्यांचं तेरावं आहे. सगळे नातेवाईक आयतेच भेटतील. जेवणं झाली की धंद्याचा प्लॅन सांगून टाकू?"

मंदाच्या हातातला कप बशीवर आपटला. "चूक नंबर एक! लोकांना जेवून हात तरी धुऊ देशील का? आणि 'सहज चहाला या' म्हणून बोलावून मग प्लॅन समजवायला फळा काढायचा नाही. विकायचंय तर विकायचंय म्हणून सांग."

मी मान खाली घालून चहा पीत राहिले. कारण स्नेहाच्या वयाची असताना या बाबतीत मी तिलाही मागे टाकलं असतं! तेव्हा मी प्लॅस्टिकचे डबे विकायचे. स्वतःला फार हुशार समजायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्रत्येकीला एकेक डबा दिला, बायका हरखल्या, आणि मग मी त्या डब्याची किंमत सांगितली. पुढच्या संक्रांतीला माझ्या घरी आलेली एकमेव सवाष्ण म्हणजे मीच.

ही गोष्ट ऐकून मंदा इतकी हसली की तिला ठसका लागला. मग घोटभर पाणी प्यायली. म्हणाली, "तुमच्या निदान शेजारणी गेल्या. माझी बहीण गेली."

भाचीचं डोहाळजेवण होतं. मंदा तेव्हा धंद्यात नवी होती. ओटी भरायला बायकांची रांग लागलेली, आणि ही रांगेत फिरून पावडरीची पाकिटं वाटत होती. भाचीच्या सासूला तर तिथेच मेंबर करून घेतलं. पाहुणे गेल्यावर बहीण एवढंच म्हणाली, "मंदा, तू येतेस तेव्हा आधी तुझी पिशवी आत येते. तू मागून येतेस."

त्यानंतर बहिणीने दार उघडलेलं नाही. आणि तेव्हापासून मंदा दर गुरुवारी उलव्याला बहिणीकडे जाते. पर्ससुद्धा नेत नाही, बसचे पैसे मुठीत.

"या गुरुवारी मी येते," मी म्हटलं. मला चौकशीचा जुना आजार आहे.

सोबत नारळाच्या वड्यांचा डबा घेतला होता. तो मंदाने बहिणीच्या इमारतीखाली वॉचमनकडे ठेवायला लावला. "डबा म्हणजे पिशवीच, काकू." वॉचमन हसून म्हणाला, "आज दो लोग?"

वर गेलो. मंदाने बेल वाजवली, दोन पावलं मागे सरली आणि हात वर केले. थोड्या वेळाने दाराचं भिंग काळं झालं.

"आली बघा," मंदा कुजबुजली. तिचा चेहरा असा उजळला की जणू दारच उघडलंय. "दर वेळी इथपर्यंत येते."

"आणि मग?"

"मग जाते. पण येते ना!"

भिंग काळंच राहिलं. मंदाचे हात हळूहळू खाली झुकले, तिने ते परत वर ताणले. मी म्हटलं, "अगं, घे जरा खाली."

"अंहं. चूक नंबर एक."

कडी वाजली. दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीतून मंदाचंच नाक असलेला, जरा म्हातारा चेहरा दिसला.

"हात खाली कर आधी. शेजारचे बघतात."

मंदाने ऐकलं नाही, की तिला ऐकू आलं नाही, कोण जाणे. हात वरच. त्या चेहऱ्याची नजर मग माझ्यावर आली.

"आणि या कोण? नवीन मेंबर?"

मी मुकाट्याने माझेही दोन्ही हात वर केले.

आतून साखळी काढल्याचा आवाज आला.